मामासाठी काढलेला उतार

‘एन्ट्री’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे नवरी एन्ट्री घेत नाही. गुरुजी हाक देतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि मामा भाचीचा हात धरून तिला मांडवात आणतो. इतकं साधं आहे हे.

मी शहरातल्या नंदनवन वस्तीत राहते, इमारतींचे नकाशे काढते. सातपुड्यात एका माणसाने डोंगराची एक बाजू विकत घेतली आणि मला सांगितलं, इथे लग्नाची जागा करायची. शहरातली माणसं वऱ्हाड घेऊन येतील, दोन दिवस राहतील, फोटो काढतील. काम मला आवडलं, खोटं कशाला बोलू. वरच्या सपाटीवर मोहाच्या जुन्या झाडाजवळ मी मांडवाची जागा धरली. गाड्या खाली थांबणार होत्या, नवरीची खोलीही खालीच. वर जायला मी नागमोडी उतार काढला. बारा फुटांमागे एक फूट चढ, मधेमधे टेकायला कट्टे. तो काढताना डोळ्यांसमोर माझा थोरला भाऊ होता. नरखेडकडे त्याची संत्र्याची बाग आहे. लहानपणी पोलिओ झाल्यापासून उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबडी. माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि तिला हा एकच मामा.

मालकाने नकाशा पाहून नाक मुरडलं. "मॅडम, हे तर दवाखान्यासारखं दिसून राहिलं." त्याला सरळ, रुंद चाळीस पायऱ्या हव्या होत्या, ड्रोनला नवरी खालून वरपर्यंत टिपता यावी म्हणून. मधे कठडासुद्धा नको, फोटोत येतो. मी दोन आठवडे भांडले. शेवटी तो म्हणाला, "मागून किचनचा कच्चा रस्ता आहे ना. कोणी म्हातारं-कोतारं असलं तर गाडीनं वर सोडून देऊ."

आणि मी पायऱ्यांच्या नकाशावर सही केली. कोणी माझा हात धरून ती करवली नव्हती. कंटाळले होते, आणि पुढची कामं त्याच्याच ओळखीतून येणार होती. वर तो म्हणाला, पहिलं लग्न तुमच्याच घरचं होऊ द्या, तर मी हुरळले. त्या हुरळण्याची मला आजही लाज वाटते.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला अर्धा तास असताना केटररचा टेम्पो त्या कच्च्या रस्त्यात रुतला, तोही आडवा. गाडी वर जायला जागाच नाही. सगळं सांभाळायला मालकाने ठेवलेली एक मुलगी कानात वॉकीटॉकीचं यंत्र घालून फिरत होती. ती मला म्हणाली, "मॅम, टेन्शन नका घेऊ. आजकाल मामा नसतो, ब्राइडल एन्ट्री असते. फुलांची चादर रेडी आहे." मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौघांनी खुर्चीत बसवून न्यायचं म्हटलं, तर भाऊ बिथरला. "मले सामानावाणी नका नेऊ. चढतो मी."

वरून भोंग्यावर गुरुजींची हाक आली. भावाने एका हातात कुबडी धरली, दुसऱ्या हातात भाचीचा हात, आणि चढायला लागला. डोक्यावर ड्रोन घोंगावत होता. कॅलिपरचा पाय वाकत नाही, तो प्रत्येक पायरीला बाहेरून फिरवून आणावा लागतो. सातव्या पायरीवर कुबडी घसरली. पडला नाही, पण खाली बसला. गुरुजींनी दुसऱ्यांदा हाक दिली. लेक हलेना.

"जाय पोरी, मुहूर्त चुकवू नको," तो म्हणाला आणि त्यानेच हात सोडवून घेतला. उरलेल्या तेहतीस पायऱ्या ती त्या फुलांच्या चादरीखाली एकटी चढली. मालकाने तो व्हिडिओ पुढे जाहिरातीला लावला. त्यात पहिल्या सात पायऱ्या नाहीत.

मुलीच्या आईने अक्षता पडताना पाहू नये, ही आमच्या घरची रीत. म्हणून मी सातव्या पायरीवरच भावाशेजारी बसले. मंगलाष्टकं भोंग्यावर ऐकली. प्रत्येक ‘सावधान’ला तो मूठभर अक्षता वरच्या दिशेने फेकत होता. त्या चार पायऱ्यांच्या पुढे जात नव्हत्या.

खाली आमच्या बसचा ड्रायव्हर उभा होता. त्याने भावाला विचारलं, "काका, जागा मस्त आहे. कोणी बनवली?"

"माह्या बहिणीनं," भाऊ म्हणाला. "सारा नकाशा तिचाच आहे." मग पायरीच्या दगडावरून हात फिरवत माझ्याकडे वळला. "घडाई चांगली झाली वं पायऱ्यायची."

टोमणा मारला असता तर मी सोसला असता. पण तो मनापासून बोलत होता.