कासवाचं घर गल्लीत अडकलं तेव्हा

कासव हा माझा शेजारी नव्हता, गिऱ्हाईक होता. पण एकदा तीन दिवस त्याचं घर माझ्या सलूनच्या दारात येऊन उभं राहिलं. घरच्या घरी शेजारी मिळण्याचा असा योग फार थोड्यांच्या नशिबी असतो.

त्याचा धंदा घरं हलवण्याचा. घरातलं सामान नव्हे, घरच. कुठे रस्ता रुंद व्हायचा असला, कुठे पाणी साचायला लागलं, की लोक त्याला बोलावत. जुनी, दोन-तीन खोल्यांची घरं. जोत्याला भोकं पाडून तो खालून लोखंडी तुळया घाली, तुळयांखाली तीस जॅक लावी आणि शिट्टी फुंकी. एका शिट्टीला प्रत्येक जॅकचा पाव फेरा. कमी नाही, जास्त नाही. घर तसूतसूने वर येई, मग चाकांवर बसे आणि निघे सासरी. नव्या जागी टेकलं की कासव दारं रंधून, कौलं बदलून, गिलावा करून ते असं नटवी की मालकालाच ओळख पटू नये. एका शाळामास्तरांचं घर त्याने पाऊण मैल नेलं तेव्हा टेबलावरची दौत सांडली नव्हती. मास्तर ती दौत पुढे दहा वर्षं लोकांना दाखवत होते. शाईचा खडखडीत गोळा झाला, तरी दाखवत होते.

चालायला हळू, म्हणून गावाने त्याचं नावच कासव ठेवलेलं; बोलायला त्याहून हळू. दाढीला बसला की एक वाक्य गालापासून सुरू करी, ते हनुवटीपाशी संपे. त्याचा एक नियम मात्र मी शंभरदा ऐकला होता. ‘आधी हलवायचं, मग नटवायचं.’

आणि तोच नियम त्याने मोडला. तोही स्वतःच्या घराच्या बाबतीत.

झालं असं, की त्याच्या बायकोला दम्याचा त्रास. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. घर जुनं, विटा मातीत रचलेल्या, दोन्ही बाजूच्या भिंतींना ओल. डॉक्टर म्हणाला, ओल गेली नाही तर औषधाचा उपयोग नाही. दिवसभर लोकांची घरं उभी करून आलेला माणूस संध्याकाळी स्वतःच्या भिंतीला बाहेरून गिलावा करत बसे. वर्षभराने ओल पुन्हा डोकावली की जुन्यावर दुसरा थर. मग तिसरा. जुना गिलावा खरवडायची त्याला भीती, कारण सिमेंट निघताना मातीतल्या विटा घेऊन निघतं. घरावर असे स्वेटरवर स्वेटर चढत गेले.

मग नव्या पुलाचा रस्ता त्याच्या घरावरून आखला गेला. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत जागा मोकळी करा, असं फर्मान आलं. कासव हसला. ‘मला नोटीस? म्हणजे माशाला पोहायची शिक्षा!’ बाजारापलीकडे त्याने उंचावरची कोरडी जागा घेऊन ठेवली होती, जोतं बांधून तयार होतं. वाटेत अडचणीची एकच जागा, माझं सलून आणि समोरचं औषधांचं दुकान यांच्यामधली गल्ली. ती त्याने तीनदा मोजली. छपराच्या कडाही कापून घेतल्या. घर गेलं तर चार बोटं जागा उरते म्हणाला. चार बोटांत तो बैल फिरवून आणील असा माणूस.

पण घराची रुंदी त्याने मोजलीच नाही. लोकांची घरं तो टेप लावून दोनदा मोजी. स्वतःची? ती तर त्याला पाठ! लग्न झालं त्या साली मोजलेली.

मंगळवारी सकाळी घर गल्लीत शिरलं. मी एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या तोंडाला फेस लावला होता. बाहेर कर्र्र असा आवाज झाला आणि दुकानात अंधार पडला. दारात भिंत! गिऱ्हाईक म्हणालं, ‘डोळ्यांत साबण गेला वाटतं.’

दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं गिलावा चढला होता. म्हणजे सहा. जागा चार. दोन बोटांसाठी अख्खं घर पाचरीसारखं बसलं. मागे नेणंही शक्य नव्हतं. मागे चढ, आणि घराच्या मूळ जागेवर पुलाच्या लोकांनी त्याच सकाळी खड्डा खणून टाकलेला. कासवाने टेप लावला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तोच आकडा. मग टेप खाली ठेवून तो दोन चाकांमधून वाकून घराच्या खाली गेला आणि तिथेच बसला.

पुलाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळाचा गुलाम. म्हणाले, ‘गल्ली अडली की बाजार अडला. शुक्रवारी बारापर्यंत घर पुढे गेलं नाही, तर पाडायचं मशीन आणावं लागेल.’ औषधवाला आधीच ओरडत होता, ‘माझ्या भिंतीला हात लावाल तर याद राखा!’ आणि माझी भिंत? तिच्यावर माझी माडी, माडीवर अंथरुणाला खिळलेली माझी आई. ‘माझी फोडा’ असं मी म्हणालो नाही. कासवानेही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. निदान नाही म्हणायची लाज तरी वाटली असती.

बाजार मात्र अडला नाही. लोक कुठे थांबतात? घराला पुढे दार, मागे दार, दोन्ही एका रेषेत. कुणीतरी दोन्हीकडे फळ्या लावल्या आणि बुधवारी सकाळपासून गावाचा रस्ता वहिनीच्या स्वयंपाकघरातून सुरू झाला. पोस्टमन गेला, दूधवाला गेला, सायकल खांद्यावर घेऊन शिंपी गेला. वहिनी खाटेवर बसून एकेकाला दटावत होती, ‘पाय पुसा! रस्ता असला तरी घर आहे!’ मी मागच्या दाराने खुर्ची न् आरसा काढून त्यांच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. काय करणार? एकाने तर जाता जाता चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून पाहिलं. वहिनी म्हणाली, ‘चव घ्यायची तर भांडीही घासून जा.’

लोक हसत होते. पण खाली, जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून, मला कासव दिसत होता. जॅकला पाठ लावून बसलेला. बुधवारचा पूर्ण दिवस तो जेवला नाही. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. त्याचं तर घर फिरेचना, पण माणसं फिरली. ज्यांची घरं त्याने उचलली होती तेच वरून बोलत जात होते. ‘दिव्याखाली अंधार, दुसरं काय!’ त्याची चार माणसं जवळ येऊन उभी राहत, शिट्टीची वाट पाहत. शिट्टी त्याच्या मुठीत. मूठ उघडत नव्हती.

गुरुवारी सकाळी वहिनीला धाप लागली. धूळ, माणसं, बंद हवा. औषधवाल्याने खिडकीतून दम्याचा फवारा दिला. तेवढं माणूसपण त्याच्यात होतं. धाप ओसरल्यावर वहिनी खाटेवरून उतरली, जमिनीची एक सुटी फळी बाजूला केली आणि खाली तोंड घालून बोलायला लागली. मी वस्तरा हातात धरून तसाच उभा.

‘अहो, वर या.’

तिने जमिनीवर मूठ आपटली.

‘उद्या बारा वाजता मशीन येणार आहे. मी इथून उतरणार नाही, सांगून ठेवते. घराबरोबर मलाही उचलावं लागेल त्यांना.’

‘वेडेपणा करू नकोस,’ खालून आवाज आला. दोन दिवसांतला पहिला.

‘मग भिंत काढा. सलूनच्या बाजूची.’

‘ती भिंत काढली तर छप्पर खाली येईल. नाही आलं तरी घर उघडं. ओल, वारा... तीन वर्षं मी काय तुला मारायला गिलावा केला?’

‘श्वास कुणी घ्यायचाय? मी ना? मग माझ्या श्वासाचं मी बघते. तुम्ही छपराचं बघा.’

‘बाहेरून हातोडा जायला जागा नाही गं.’

‘आतून काढा! दाराने यायचं सोडून किती दिवस जमिनीखाली राहणार? गांडूळ आहात की कासव?’

माझ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक खुदकन हसलं आणि त्याला जरासं कापलं. दोष माझा नव्हे.

कासव वर आला. गुडघे धरलेले, केसांत माती. छताकडे पाहिलं, भिंतीवर कान ठेवला, बोटाने टकटक केलं. मग माणसांना हाक मारली. वाशांखाली आडवी तुळई, तिच्याखाली पाच खांब, खांबांखाली जॅक. भिंतीवरचा भार खांबांवर घ्यायचा. आणि दोन दिवसांनी शिट्टी वाजली. पाव फेरा. छप्पर कण्हलं. पुन्हा पाव फेरा. वरून माती सांडली, एक कौल निसटून माझ्या आरशावर आलं. आरसा गेला. पण छप्पर राहिलं.

पहिली वीट त्याने वरच्या ओळीतून काढली. मातीतली वीट, हाताने निघाली. ती ठेवायला जागा दिसेना म्हणून माझ्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत खोलीभर विटा झाल्या, पाय ठेवायला जागा उरेना, आणि भिंत अजून कमरेइतकी शिल्लक. चार माणसं विटा काढणार की वाहणार? कासव पुन्हा मटकन बसला. ‘नाही होत. उद्या दुपारपर्यंत नाही होत.’

वहिनीने शुक्रवारी उजाडताच खाट ओढून मागच्या दारात घातली. पहिला आला पोस्टमन.

‘एक वीट उचला.’

‘काय?’

‘माझ्या घरातून जाता ना? मग बाजारापलीकडे आमचं नवं जोतं आहे. जाताना एक वीट तिथे ठेवायची. नाहीतर डोंगराला वळसा घालून जा.’

पोस्टमनने वीट उचलली. शिंप्याने दोन. बाजाराला निघालेल्या बायांनी पिशव्यांत घातल्या. कालपर्यंत टोमणे मारणारा एक जण चार वेळा गेला आणि चार वेळा आला. त्याला पलीकडे काही काम नव्हतं, हे मला माहीत आहे. दहा वाजता साहेबही आले, पाहणीला. वहिनीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. साहेबांनी रुमालात धरून एक नेली.

साडेअकराला भिंत तळापर्यंत उतरली. गिलावा ढलप्या होऊन आत पडला. खालच्या तुळया आधीच आतल्या अंगाला होत्या, आता घराला अडवणारं काही नव्हतं. उभं होतं ते पाच खांबांवर. गल्लीच्या तोंडाशी मशीन येऊन थांबलं होतं, त्याचं इंजिन सुरू होतं. कासवाने वहिनीला उतरायला सांगितलं. ती म्हणाली, ‘दौत सांडत नाही ना तुमच्या घरात? मग मी कशी सांडेन?’

त्याने शिट्टी ओठांना लावली, पण फुंकर निघेना. ओठ कोरडे. दोनदा नुसती हवा. तिसऱ्यांदा वाजली. घर ओढायची साखळी ताणली, चाकं कुरकुरली, मधला खांब फाटल्यासारखा वाजला. छपराचा एक कोपरा लवला आणि त्यावरची सगळी कौलं धडाधड माझ्या पायरीवर फुटली. पण घर चाललं. माझ्या सलूनसमोरून एक उघडी खोली हळूहळू सरकत गेली आणि त्यात खाटेला घट्ट धरून बसलेली वहिनी, डोळे मिटलेले. माडीवरून माझी आई ओरडून विचारत होती, ‘कोण चाललंय रे?’

तीन भिंतींचं, पाऊण छपराचं घर नव्या जोत्यावर टेकलं. कासवाने भिंत पुन्हा रचायला महिना घेतला. त्या महिन्यात वहिनीला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं, आणि दोन्ही वेळा त्याला वाटलं की घर आलं, माणूस चाललं.

विटा मात्र पुरल्या नाहीत. वाटेत काही फुटल्या, काही कुणाकुणाच्या दाराला टेकण म्हणून राहून गेल्या. कमी पडल्या तिथे त्याने वरच्या ओळींत एकाआड एक भोकं सोडून दिली. वहिनी घरी आली. त्या भोकांतून वारा खेळायला लागला आणि ओल काही त्या घराकडे फिरकली नाही.

पुढे एकदा दाढी करताना माझी नेहमी डुगडुगणारी खुर्ची डुगडुगेना म्हणून कासवाने खाली वाकून पाहिलं. एका पायाखाली वीट होती. त्याने काढलेली ती पहिलीच. घाईत मी सरकवली आणि विसरलो.

मी ओशाळलो. म्हटलं, ‘आज आणून देतो.’

त्याने मान मागे टेकली, गाल पुढे केला. वाक्य सुरू झालं, आणि हनुवटीपाशी वस्तरा पोचेपर्यंत संपलं.

‘राहू दे. तिला तेवढी हवा लागते.’