पाचवीच्या पाटावरचं चित्र
ओव्याच्या धुरीचा वास आला की आमच्या सेनगावकडच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवते. निजामी अमलाचे शेवटचे दिवस, मी सहा वर्षांची. धाकट्या भावाची पाचवी होती, अन् त्याच सकाळी गल्लीत निजामाच्या पोलिसांची झडती आली. बाबांनी लपवलेलं भारतमातेचं चित्र घरातच होतं: मांडीवर बाळ, हातात तिरंगा. सापडलं असतं तर बाबा तुरुंगात गेले असते. मायनं ते पूजेच्या पाटावर ठेवलं, तिरंग्यावर ओली हळद थापली अन् म्हणाली, "कुनी इचारलं तं सटवाय म्हन." पण बाबांनीच मला खरं नाव शिकवलं होतं, ते सांगितलं की शाबासकी मिळायची. झडतीतला एक जवान खोलीच्या उंबऱ्याशी थांबला. "ए बेटी, ये कौन है?" खरं नाव अगदी ओठावर आलं. मायचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सटवाय," म्हटलं अन् रडायलाच लागले. बाळंतिणीच्या खोलीत पाय न टाकताच तो परतला. पुढं घराण्यातली पहिली बी.ए. मीच झाले. कॉलेजात सर म्हणाले, अशा चित्रांत आई म्हणजे देश, लेकरू म्हणजे प्रजा. मी उठून सांगितलं, "सर, आमच्या मायनं तर देशालाच पदराखाली घेतलं होतं."