दुपारचा पाऊस

ही गोष्ट बायकोला माहीत नाही, आईला नाही, ज्यांच्यासोबत रोज डबा खातो त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच कळत नाही. सांगायला घेतलं की मी आधी कामाविषयीच बोलत बसतो, म्हणजे मूळ मुद्दा लांबतो. आताही तेच करणार, बघा.

मी वाटूरचा. पुण्यात हवामानाच्या मॉडेलवर काम करतो. म्हणजे अख्ख्या पृथ्वीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातलं ऊन, वारा, ढग संगणकाकडून मोजून घ्यायचे — पुढच्या कित्येक वर्षांचे. फार वेळ खातं हे. आमचं सगळं ऑफिस त्या वेळापायी अडलेलं होतं. तो वेळ मी कमी केला. पेढे वाटले, साहेबांनी पाठ थोपटली. आईने गावभर सांगितलं, पोरानं मोठं मशीन पळवलं.

कसं पळवलं? उन्हाचा हिशोब सगळ्यात वेळखाऊ असतो. तो मी कमी वेळा करायला लावला आणि मधल्या वेळात आधीचंच उत्तर पुढे चालवलं. एवढंच.

वैशाली हसनाबादची. माझ्याच टीममध्ये, कंत्राटावर. जालन्याकडची आम्ही दोघंच, त्यामुळे तिच्याशी मोकळं बोलता यायचं. माझे निकाल तीच तपासायची. एक दिवस टेबलाशी आली.

“अरे, आपल्याकडं दुपारून आभाळ भरून येतं ना? ह्याच्यात येतच न्हाई. पाऊसच गायब होऊन राह्यला.”

मी हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर मात्र उघडून पाहिलं — आणि ती बरोबर होती. भर दुपारीसुद्धा माझ्या मॉडेलमधली जमीन सकाळच्याच उन्हावर तापत होती, त्यामुळे ढगच जमत नव्हते. वेगाच्या नादात आमच्याकडचा दुपारचा पाऊस मीच पुसून टाकला होता.

तेव्हाच बोलायला काय झालं होतं? चूक कोणाची होत नाही? पण दुसऱ्या दिवशी मीटिंग होती, आणि पेढ्यांची चव अजून तोंडात होती. तिने आलेख दाखवला. आणि मी — सगळ्यांसमोर, अगदी शांतपणे — म्हणालो की वैशालीने बहुतेक जुनी फाइल घेतली असावी. पूर्वी एकदा तिच्याकडून तसं झालं होतं. मला ते आठवत होतं, म्हणूनच म्हणालो.

दोघं-तिघं हसले. ती आलेखाकडे बघत राहिली आणि मग सॉरी म्हणाली. कोणाला? मला.

नंतर मी गुपचूप चूक दुरुस्त केली. नवी सुधारणा म्हणून मांडली, पुन्हा कौतुक करून घेतलं. तिचं कंत्राट मात्र वाढलं नाही. तपासणीच भरवशाची नसेल तर ठेवायचं कशाला, असं साहेब म्हणाले तेव्हा मी त्यांच्या समोरच बसलो होतो. लाज वाटली. तरी तोंड उघडलं नाही.

परवा गावाकडे गेलो तेव्हा ती अंबडच्या स्टँडवर भेटली. तिथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवते.

“तेव्हा तुझं काम मी उगंच अडकवलं रे,” म्हणाली. “तू सांभाळून घेतलंस. आता साधं गणितबी आधी घरी करून पाहते, मंगच फळ्यावर लिहिते. स्वतःवर भरवसाच न्हाई राह्यला बघ.”

सांगता आलं असतं. तिची गाडी सुटायला वेळ होता. मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.” तिची जड पिशवी गाडीत चढवून दिली. खिडकीतून ती “थँक्यू रे” म्हणाली, आणि मी हात हलवला.