आजोबांची सही

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगायला बसले तर आधी स्वतःचाच वैताग येतोय.

नवऱ्याची बदली जपानात कोबेला झाली, तेव्हा घरी बसून काय करू म्हणून मी इथल्या एका विद्यापीठात नाव घातलं. दर गुरुवारी अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींच्या हकालपट्टीवर काहीतरी वाचायचं आणि ए-फोरच्या एका पानात इंग्रजीतून विश्लेषण लिहून द्यायचं. त्यात पुन्हा सरांचा हट्ट — शेवटी या मजकुराचा तुमच्याशी काय संबंध, तेही लिहा. अहो, माझा काय डोंबलाचा संबंध?

पण संबंध होता, तीच तर पंचाईत. त्या आठवड्याचं वाचन कराराबद्दल होतं. मूठभर चेरोकींनी बाकीच्यांचा विरोध असताना सरकारच्या करारावर सह्या केल्या आणि सगळ्या समाजाला मुलूख सोडावा लागला. आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा गावाच्या वतीनं संमतीच्या कागदावर सह्या करणाऱ्या पाच जणांत माझे आजोबा होते. गावाला न विचारता. आम्हाला कालव्याजवळची जमीन मिळाली. बाकीच्यांना खडकाळ माळ.

मी बाबांना फोन केला. आजोबांच्या सहीबद्दल लिहू का, विचारलं. ते म्हणाले, "लिही बाई. माझ्याच्यानं कधी बोलवलं नाही."

आणि मी काय लिहिलं? — की माझ्या आजोबांचं गाव पाण्यात गेलं, ते बेघर झाले, म्हणून चेरोकींचं दुःख मला आतून कळतं. सही गाळली. वर करारावर सह्या करणाऱ्यांना चांगलं झोडपून काढलं. सरांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला. शेजारी बसलेल्या मोरी-सान डोळे पुसत होत्या. मी मान खाली घालून बसले — लाजेनं नव्हे हो, नम्र दिसावं म्हणून.

बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मराठी भाषांतर मागितलं, तेव्हा मी एका दुपारी दुसराच मजकूर लिहिला. सहीसकट, जमिनीसकट, सगळा खरा. आणि भाषांतर म्हणून पाठवून दिला. तासाभराचं काम होतं. मग गुरुवारी काय धाड भरली होती मला?

बाबा तो कागद घेऊन माळावरच्या वस्तीत गेले. देवळासमोर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. माझ्या मुलीनं परदेशात लिहून हे कबूल केलंय, मग मी इथं का लपवू, असं म्हणाले. वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना चहाला घरात बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या सरांना कसा वाटला गं?"

"आवडला," मी म्हणाले. "वर्गात वाचून दाखवला."