भंडारा मतदारसंघाचं शेवटचं मतदान

लोकसभेच्या मतदारसंघाचं नाव नुसतं भंडारा होतं, तेव्हाची ही गोष्ट. पुढे सीमा बदलल्या, नावाला गोंदिया जोडलं गेलं आणि जुना मतदारसंघ कागदावरून गेला. त्याच्या शेवटच्या निवडणुकीत माझ्या हातून एका माणसाचा डोळा गेला. वीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, आसगावच्या बाजूला. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढणार म्हणून आमच्यासह काही घरं आधीच उठली आणि दूर माळावरच्या पुनर्वसनात गेली. बाकीचं गाव जागा सोडायला तयार नव्हतं. मतदारयादीत मात्र आमची सगळ्यांची नावं जुन्या गावातच होती. त्या निवडणुकीत गावाने मतदानावर बहिष्कार टाकला. शाळेत मशीन येईल, पण एकही माणूस आत जाणार नाही, असं ठरलं.

बहिष्काराचे पुढारी होते काकाजी. सख्खे नव्हेत. बाबाचे लहानपणापासूनचे मित्र, धानाच्या शेतात बांधीला बांधी लागून. पावसाळ्यात एकमेकांच्या धानाच्या रोवण्याला दोन्ही घरं जायची. आम्ही उठलो तेव्हा ते बाबाशी बोलायचे बंद झाले.

बाबाला मताचं भारी वेड होतं. माझ्या आजाच्या वेळी या मतदारसंघातून दोन खासदार जायचे आणि माणसागणिक दोन मतं असायची. आजा नदी ओलांडून, ओल्या धोतरानं ती टाकून आला होता, हे बाबा प्रत्येक निवडणुकीला सांगायचा. आईनं त्याला समजावलं, "गावानं नाई म्हटलं ना, मंग काहून जाता?"

"माह्या बापानं दोन टाकले. मी एक तरी टाकीन," बाबा म्हणाला.

मतदानाच्या सकाळी पुनर्वसनातून एका ट्रॅक्टरवर आम्ही दहा-बारा जण निघालो. त्यात बाबा, माझा मोठा भाऊ आणि मी. माझं ते पहिलंच मत होतं. आईनं यायला साफ नकार दिला.

गावाच्या तलावाच्या पाळीवरून जाणाऱ्या वाटेत एक बैलबंडी आडवी लावलेली होती. तिच्यामागे पन्नासेक माणसं, पुढे काकाजी.

"वापस जा," ते बाबाला म्हणाले. "तुमचं गाव आता तिकडं हाय."

"यादी इथंच हाय."

"आमी बुडून राहिलो अन् तुले मत टाकाचं सुचते?"

बाबा उतरला आणि बंडीला वळसा घालून चालू लागला. कोणीतरी त्याची बंडी मागून धरली, म्हणजे अंगातली. ती फाटली. भावानं त्या माणसाला ढकललं. मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. लोकांनी आडव्या बंडीच्या उभाऱ्या, कडेचे ते उभे दांडे, उपसल्या. पहिली उभारी ट्रॅक्टरवाल्याच्या गुडघ्यावर बसली आणि तो ओरडत खाली पडला. भावाच्या पाठीवर तिघं काठ्या घालत होते. ज्या बाईनं मला लहानपणी कडेवर घेतलं होतं, तिनं माझी वेणी हाताला गुंडाळून मला पाळीवरून ओढलं. मी तिच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव आली. तिनं सोडलं.

उठले तेव्हा बाबा गुडघ्यांवर होता. कपाळ फुटून चेहरा लाल झाला होता. त्याच्यावर वाकून काकाजी त्याचा दंड धरून ओढत होते. मला वाटलं, मारताहेत. पाळीचा एक दगड हाताशी आला. मी तो सगळ्या ताकदीनं फेकला.

काकाजी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. बोटांमधून रक्त उतरत होतं. बाबा ओरडला, "अबे, तो मले बाहेर काढून राहिला होता!"

भावानं वळून माझ्याकडे पाहिलं. दगड माझ्या हातातून सुटताना त्यानं पाहिला होता.

पोलीस आले तोवर पाळ रिकामी झाली होती. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी मत टाकलं नाही. बाबाच्या कपाळाला टाके पडले. काकाजींचा उजवा डोळा नागपूरला नेऊनही वाचला नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी भावाला उचललं. काकाजींनी त्याचंच नाव घेतलं होतं. कोठडीत त्याला इतक्या थपडा मारल्या की डाव्या कानातून पू येऊ लागला. तो कान कायमचा गेला. जामिनावर आला तेव्हा मी रडत म्हटलं, मी पोलिसांना खरं सांगते. तो म्हणाला, "चूप राय. तुहं लग्न व्हाचं हाय." आणि मी चूप राहिले. हीच माझी खरी लाज आहे. दगड तर भीतीनं सुटला होता. खटला रेंगाळला, साक्षीदार फुटले, भाऊ सुटला. तोवर त्याची उमेदीची वर्षं निघून गेली होती. माझं लग्न होऊन मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आले. दोन्ही घरं पुन्हा एकमेकांची झाली नाहीत. गाव बुडालं. बाबाही गेला.

आता मी अंगणवाडी सेविका आहे. गेल्या लोकसभेला म्हाताऱ्यांना केंद्रात हात धरून न्यायची ड्युटी लागली. दहाच्या सुमारास एका रिक्षातून काकाजी उतरले. शहापूरला मुलीकडे राहायला आलेत हे मला माहीत नव्हतं. हातात काठी, उजवी पापणी आत बसलेली. मी दंड धरला. त्यांनी ओळखलं, बापाचं नाव घेऊन विचारलं, "त्याची पोरगी ना तू?"

शाळेच्या भिंतीच्या सावलीत मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगून टाकलं. "काकाजी, दगड मी मारला होता. भावानं नाई."

त्यांनी डावा डोळा माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "कोणत्या हातानं?"

मी उजवा पुढे केला. त्यांनी काठी उचलून मनगटावर हाणली. पुन्हा हाणली. तिसऱ्या वेळी बांगडी फुटून काच आत गेली. मी हात मागे घेतला नाही. रांगेतल्या बाया ओरडल्या, शिपाई धावत आला.

"घरची गोष्ट हाय, बाबू. तू जा," काकाजी त्याला म्हणाले. ते धापा टाकत होते. शिपाई माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली.

तो गेल्यावर ते म्हणाले, "मले दगड दिसलाच नवता. कोणी फेकला काई मालूम नाई. पण कोणाचं तरी नाव पाहिजे होतं. तुहा भाऊ जवान होता, समोर होता. सांगतलं त्याचं."

माझ्या मनगटातून रक्त ठिबकत होतं आणि मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. इतका, की ती काठी ओढून घ्यावी आणि तशीच घालावी. भावाच्या कानातला पू मी कापसानं पुसला होता. हात पुढे गेलाही. पण समोर एक डोळा होता, आणि दुसरा मी घेतला होता. मी त्यांना उठवलं, आत नेलं. ते मत टाकून आले आणि रिक्षात बसले.

पुढच्या रविवारी मी भावाकडे गेले. तो अंगणात धानाची पोती शिवत होता. त्याच्या उजव्या बाजूला बसून मी सगळं सांगितलं. माझं काकाजींना सांगणं आणि काकाजींचं मला सांगणं.

तो दाभण चालवत राहिला. मग म्हणाला, "तुमी दोघं सांगून मोकळे झाले. मी काय करू?"

 मी विचारलं, काकाजींना भेटायला येशील का? ते आता थकलेत.

"नाई," तो म्हणाला.

अजून तो त्यांच्याकडे गेलेला नाही.