काकूंच्या चपलांचा आवाज

गॅसचं बटण फिरवलेलं हाताला आठवायचं, पण हात खोटं बोलत नसेल कशावरून? बंदच्या बाजूला फिरवलं की चालूच्या? धायरीच्या फ्लॅटवरून हडपसरला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये मी रोज हाच खल करत बसायचो. तीनदा अर्ध्या वाटेत उतरून रिक्षाने परत आलो. तिन्ही वेळा गॅस बंद. तिसऱ्या खेपेला मॅनेजरने बजावलं, पुन्हा उशीर झाला तर दुसरी नोकरी शोध. अमरावतीहून आल्यावर कॉम्प्युटरच्या जोरावर मिळालेली पहिली नोकरी, आणि ती एका बटणापायी जाणार होती.

मग मी उतरणं सोडलं आणि फोन धरला. खालच्या मजल्यावरच्या काकू नारायण पेठ सोडून इथे राहायला आल्या होत्या. माझी जादा किल्ली त्यांच्याकडे असे. "काकू, जरा गॅस बघता का?" त्या रिसीव्हर बाजूला ठेवायच्या, चपला वाजायच्या, थोड्या वेळाने उत्तर यायचं, "बंद आहे. कालही होता."

कंपनीने ज्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं, त्यांचाही मला संशय. त्या वहीत लिहितात ते मॅनेजरकडे तर जात नसेल? त्या म्हणाल्या, हा आजार आहे, जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणायची. शंका आली तरी तपासायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, नुसतं बसून राहायचं. "आधी जीव कासावीस होईल. मग ओसरेल." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी बसमधून काकूंना फोन केला.

एकदा मात्र उत्तर फारच लवकर आलं. गुडघे धरून चढणाऱ्या बाई इतक्यात वर जाऊन आल्या? दुसऱ्या दिवशी मी दाराच्या फटीत कागदाचा कपटा अडकवून निघालो. फोन केला, उत्तर मिळालं. संध्याकाळी पाहतो तर कपटा जागच्या जागी. तडक खाली गेलो. "तुम्ही वर गेलाच नाहीत!"

"नाही गेले," काकू म्हणाल्या. "दिवाळीपासून एकदाही नाही. बसल्या जागी चपला आपटायचे. गुडघे माझे आहेत, शंका तुमची."

होळी जवळ आली होती. इतके महिने कुणीही गॅस पाहिला नव्हता आणि इमारत उभी होती. राग आला, लाजही वाटली. वाटलं, सुटलो. मॅडम म्हणाल्या, "हा पुरावा चार दिवस टिकेल." दोनच टिकला. तिसऱ्या दिवशी वाटलं, काकू खरं तर वर जाऊन आल्या असतील आणि कपटा परत तसाच लावला असेल तर?

मग मुकाट मॅडमचं ऐकलं. आधी पंखा, मग नळ, मग कुलूप. एकदाच बघायचं आणि निघायचं. गॅसची पाळी शेवटी आली. बटण एकदा फिरवलं, मोबाइल बॅगेच्या तळाशी घातला. बसमध्ये शर्ट घामाने भिजला. डोळ्यांसमोर जळणारी इमारत आणि आत काकू. फोन केला नाही. दुपारी डबा उघडला तेव्हा भीती गेली नव्हती, पण भूक लागली होती.

संध्याकाळी काकू जिन्यात गुडघा चोळत बसल्या होत्या.

"अहो, आज फोन नाही! म्हटलं, घरात पडलात की काय. वर जाऊन बघून आले. आणि तुमचा तो गॅस..."

"काकू," मी हात जोडले, "पुढचं सांगू नका."