गाडी येत असेल तर मी येतो

ऑस्ट्रेलियातली नोकरी नक्की झाली तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "येणार ना?" त्याने खिडकीतून खाली पार्किंगकडे पाहिलं, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाला, "गाडी येत असेल तर मी येतो."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. अट स्पष्ट असली की ती पूर्ण करता येते, हा माझा अनुभव आहे. नवऱ्याने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, त्यामुळे त्याच्या बाजूने दुसरी अडचणही नव्हती. तो येणार की नाही एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर आता गाडीच्या हातात होतं. मी त्याच संध्याकाळी डायरीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं : गाडी.

ही गाडी म्हणजे आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली, पिस्ता रंगाची, उजवीकडचं मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत तिच्या खाली तेलाचा एक कायमचा डाग आहे. त्यावरून सेक्रेटरींनी नवऱ्याला आजवर बऱ्याच नोटिसा दिल्या होत्या. नवरा त्या नोटिसा घडी करून गाडीच्या त्या दाराच्या फटीत खुपसायचा. त्याने दाराचा आवाज कमी होतो म्हणे.

गाडी जहाजाने परदेशी पाठवून देणारा एक क्लिअरिंग एजंट मरोळला मिळाला. त्याचा पहिला प्रश्न, "मॅडम, गाडी किती जुनी?" मी आवाज थोडा खाली आणून सांगितलं. तो म्हणाला, "मग सोपं आहे. नवी असती तर त्रास होता."

नियमच तसा निघाला. पंचवीस वर्षांच्या पुढची गाडी तिकडे जुनी म्हणून मानाने आत जाते. सुरक्षेची नवीन कलमं तिला कोणी लावत नाही. अडतात त्या मधल्या वयाच्या. हा नियम फक्त गाड्यांनाच आहे का, असं एक क्षण मनात आलं, पण मी विषयावर राहिले.

घरी येऊन मी ही बातमी दिली.

"कोण म्हणतं?" नवऱ्याने विचारलं.

"एजंट."

"एजंटला काय गं, त्याला धंदा पाहिजे."

"त्यांच्या सरकारी साइटवर पण आहे. हे बघ."

त्याने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "म्हणजे जाऊ शकते?"

"जाऊ शकते."

"झकास," तो म्हणाला. दात काढावा लागेल असं डेंटिस्टने सांगितल्यावर माणूस ज्या आवाजात 'बरं' म्हणतो, त्या आवाजात.

मी कामाला लागले. आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र हवं होतं, आणि तिथे पहिला खोडा निघाला. गाडीच्या कागदांवर अजून ती घेताना काढलेल्या कर्जाचा शेरा होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण ज्या सहकारी बँकेचं होतं ती मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. शेरा काढायला पत्र कोण देणार?

"बघ," नवरा म्हणाला. "आता ती बँकच नाही. आपण तरी काय करणार?" त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला.

पण त्याने सोसायटीचा विचार केला नव्हता. आमच्याकडे पार्किंगची प्रतीक्षायादी इतकी लांब आहे की त्यात काही जणांनी सुनांची नावं लग्नाआधीच घातली आहेत. पिस्ता गाडी देश सोडून चालली ही बातमी पसरली आणि सेक्रेटरी स्वतः आमच्या दारात आले, पेढे घेऊन.

"वहिनी, काही लागलं तर हक्काने सांगा. अशी गाडी परदेशात जाते म्हणजे सोसायटीचा मान आहे."

"तुम्हीच तिला भंगार म्हणाला होतात," नवरा आतून म्हणाला.

"अहो, ते प्रेमाने."

मी बँकेची अडचण सांगितली. सेक्रेटरींचे साडू नेमके त्या दुसऱ्या बँकेत. पत्र पुढच्या आठवड्यात हातात. मी ते नवऱ्यासमोर ठेवलं तेव्हा तो बराच वेळ त्यावरचा शिक्का तपासत होता.

मग ॲस्बेस्टॉस. तिकडे त्याचा कणही चालत नाही, आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये, क्लचमध्ये, गॅस्केटमध्ये तो असायचा. घाटकोपरच्या गॅरेजमध्ये आमच्या मेकॅनिकने सगळे लायनर आणि गॅस्केट बदलले, आणि प्रयोगशाळेचा दाखला मी मिळवला. ते तर माझं रोजचं काम. एसीच्या गॅससाठी वेगळी परवानगी लागते असं कळलं. आमच्या गाडीला एसी नव्हताच. पहिल्यांदाच त्याचा फायदा झाला.

याच सुमारास एजंट मला फोनवर म्हणाला, "मॅडम, साहेब फार बारकाईने बघतात हां. दर दोन दिवसांनी फोन करतात. आणखी काही अडचण येऊ शकते का, एखादा कडक नियम राहिला का, नीट बघा म्हणतात. अशी पार्टी मी पाहिली नाही."

मला बरं वाटलं. म्हटलं, माझी शिस्त लागली एकदाची.

शेवटची मोठी पायरी साफसफाईची होती. गाडीत माती, बी, गवताची काडी, पान, काहीही सापडलं तर तिकडच्या बंदरात ती अडवतात. मेकॅनिकने सीट काढल्या, गालिचा काढला आणि मला बोलावून घेतलं. आत आमचा सगळा संसार पडला होता. दर दसऱ्याला वाहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, संक्रांतीचे तीळ, भेळेतले कुरमुरे, चिंचोके आणि सासूबाईंच्या सुपारीचं खांड. हँडब्रेकच्या खाली कसलंतरी रोप उगवून वाळून गेलं होतं.

"वहिनी, हे गाडी नाय, शेत आहे," मेकॅनिक म्हणाला.

व्हॅक्युम झाला, वाफेने धुणं झालं, फटीफटीत ब्रश फिरला. मी स्वतः टॉर्च घेऊन तपासली आणि पास केली. जहाजावरचा कंटेनर बुक होता, तो यायला अजून वेळ होता. तोपर्यंत गाडी कव्हर घालून सोसायटीत उभी ठेवायची, कोणी बसायचं नाही, हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी उठले तर तो नाही आणि खाली गाडीही नाही. दुपारी परतला. गाडीच्या चाकांना ओली रेती, पायाखाली रेती, वायपरमध्ये सुरूच्या काड्या, आणि मागच्या सीटवर वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील.

"कुठे गेला होतास?"

"गोराईला. शेवटची फेरी. एवढं तरी करू दे ना यार."

"आणि बोंबील?"

"ताजे वाळवलेले होते."

"ते डिकीत नाही ठेवता आले?"

"डिकीत गवत आहे."

"गवत कशाला?"

त्याने थोडा विचार केला. "नारळ गडगडत होते."

मी तिथेच गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिले. एजंटचे ते फोन, जास्तीच्या दोन पोळ्या, शिक्क्याकडे बघत बसणं, सगळं एका ओळीत आलं. दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईला एवढा वेळ लागावा याचा मला जरा रागच आला. गाडी पुन्हा गॅरेजला पाठवली, आणि बोंबील तळले.

तो मात्र मंगळवारी संध्याकाळी अगदी खुशीत घरात आला. "सापडला," म्हणाला. "नियम सापडला."

"कुठला?"

"गाडी तिकडे जाईल, मान्य. पण परत नाही येणार. आपल्याकडे बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. एजंटने स्वतः सांगितलं. एकदा गेली की गेली."

"मग?"

"मग काय, संपलं. नाही नेता येणार."

"नेता येते. आणता येत नाही. आपली अट नेण्याची होती."

तो खुर्चीवर बसला. खुशी उतरली. बराच वेळ तो टेबलावरची बडीशेप निवडत राहिला. मग म्हणाला, "आपण परत यायचंच नाही का गं?"

मी तिकडे घर शोधलं होतं, विमा पाहिला होता, मिक्सरचा प्लग चालेल का तेही विचारलं होतं. हा प्रश्न माझ्यासमोर आलाच नव्हता.

"नोकरी तीन वर्षांची आहे," मी म्हटलं.

"तीन वर्षांनी तू आणखी तीन वर्षं घेशील. तुला मी ओळखत नाही का? तू सकाळी जाशील कामाला. मी काय करणार? इथे खाली उतरलो की कोणीतरी म्हणतं, काका, आईला हॉस्पिटलला सोडायचंय, गाडी काढता का. तिथे मला कोण विचारणार?"

"मग हे पहिल्या दिवशी सांगायचं ना. मी अख्खं आरटीओ पालथं घातलं."

"मला वाटलं जमणार नाही. एवढी जुनी गाडी. तू आहेस की जमवतच सुटलीस."

आता मात्र मला हसू आलं, आणि मी हसले म्हणून त्यालाही आलं. दोघं बराच वेळ हसत होतो, आणि त्यात शेवटी त्याने डोळे पुसले ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग मी लॅपटॉप उघडला. आधी कंटेनर रद्द केला. मग त्याचं तिकीट काढलं, जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही. परतीची तारीख सहा महिन्यांनंतरची, आणि बदलता येण्यासारखी.

"नाही पटलं तर ये," मी म्हटलं. "मला विचारायचंही नाही. गाडी इथेच राहील."

त्याने स्क्रीनवर परतीची तारीख नीट पाहिली. मग पहिल्यांदाच, स्वतःहून, विचारलं, "तिकडे थंडी किती असते गं? माझा तो निळा स्वेटर पुरेल?"

"नवीन घेऊ."

"नको, तोच पुरेल. सहा महिन्यांसाठी कशाला?"

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी जिन्यात भेटले. गाडी जात नाही हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांना आत बोलावून चहा द्यावा लागला. नवरा बाहेर आला, त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आम्ही नसताना आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करावं लागेल. चावी तुमच्याकडे ठेवली तर चालेल ना? तुम्ही तिला प्रेमाने बघता."